टिकाऊ वस्तूंचे मालक

मास्तरांच्या जिभेला कात्रीपेक्षा धार जास्त. शेठच्या दुकानात पगारी शिंपी, पण टिपा मारता मारता गिऱ्हाइकाला संसाराचं शास्त्र फुकट शिकवायचे. "बायकोचा पैसा न् आपला पैसा एका खिशात घालू नये. अस्तर फाटतं!"

बायको दवाखान्यात नर्स. गल्ली तिला सिस्टर म्हणायची. लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात मास्तरांनी वाटणी करून टाकली होती: टिकणाऱ्या वस्तू त्यांनी घ्यायच्या, संपणाऱ्या सिस्टरनी. म्हणजे फ्रिज, सोफा, टीव्ही, कपाट मास्तरांचं. दूध, भाजी, तेल, साबण, गॅस, औषधं सिस्टरची.

"तू आणलेलं दुसऱ्या दिवशी दिसतं का कुठं? माझं बघ, कसं ठणठणीत उभं आहे."

"खरंय," सिस्टर म्हणायच्या. "तुम्ही आणलेल्यावरची धूळ मी पुसते, मी आणलेल्यावर तुम्ही ढेकर देता."

खिसा जरा फुगला की मास्तरांच्या अंगाला खाज सुटायची. एकदा तर पाठ चेपणारी खुर्ची आणली. तिनं चार महिने पाठ चेपली, मग फक्त घुरघुरायला लागली. तरी आल्यागेल्याला दाखवताना मास्तरांची छाती अशी फुगे, की त्यांनीच शिवलेल्या शर्टाची गुंडी ताणली जाई. सिस्टर भाजीवाल्याशी घासाघीस करायच्या, जादा पाळ्या घ्यायच्या आणि पगार झाला की आधी बँकेत जायच्या, मग बाजारात.

अशी वर्षं गेली. शेठचे डोळे अधू झाले आणि त्यांनी दुकान विकायला काढलं.

"मास्तर, पहिला हक्क तुमचा. आठवड्यात बयाणा द्या. नाहीतर शेजारचा मोबाईलवाला टपलाय. आणि त्याला काही शिंपी ठेवायचा नाही."

मास्तर हिशोब करायला बसले. पन्नाशीला कोण नव्यानं दारात उभं करणार? बँकेत उरलेला अर्धा पगार. पण घरात इस्टेट होती ना! त्यांनी जुन्या सामानवाल्याला बोलावलं. त्यानं फ्रिजला टिचकी मारली, सोफ्यावर बसला, स्प्रिंग टोचली तसा ताडकन उठला.

"काका, हे सगळं उचलायचे किती द्याल?"

"अरे, मी विकतोय!"

"कळलं हो. म्हणून तर विचारतोय."

स्वयंपाकघरातून सिस्टरचं हसू ऐकू आलं. संध्याकाळी मास्तर मांजरासारखे सिस्टरभोवती घोटाळले.

"अगं, तुझ्याकडे काही असेल का?"

"बयाण्याचे आहेत. पुढचेही निम्म्याच्या वर जमतील. बाकीचं कर्ज दोघं फेडू. पण दुकान दोघांच्या नावावर. आणि गल्ल्यातून आधी शिल्लक बाजूला, मग तुमची हौस."

"बायकोच्या जिवावर दुकान घेतलं म्हणतील लोक!"

"लोक कशाला म्हणतील? ते मोबाईलवाल्याकडे रांगेत असतील."

मास्तर फुगून बसले. दोन दिवस अबोला, पण जेवण दोन्ही वेळचं. तिसऱ्या दिवशी दुकानात गेले, तर मोबाईलवाला टेप घेऊन त्यांच्या मशीनच्या जागेचं माप घेत होता. जन्मभर दुसऱ्यांची मापं काढली; आपल्या बुडाखालच्या जागेचं माप कुणी काढताना पहिल्यांदाच पाहिलं. चपला उलटसुलट घालून ते थेट दवाखान्यात पोचले.

"दोघांच्या तर दोघांच्या! पण आज चल बाई!"

"ड्यूटी संपू दे," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांना पेशंटांच्या बाकावर बसवून ठेवलं.

बयाणा त्याच संध्याकाळी गेला, कर्जही पुढं मंजूर झालं. कागदांच्या दिवशी शेठनी विचारलं, "नाव आधी कुणाचं घालायचं?"

मास्तरांनी घसा खाकरला. तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "ह्यांचंच घाला. मानाचं आहे. किल्ल्या तेवढ्या माझ्याकडे द्या."