बाबांना न आवडलेलं घर

वेरूळ-अजिंठ्याला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना लेणी दाखवायचं काम मला हवं होतं. म्हणून मी उस्मानपुऱ्यातल्या संध्याकाळच्या वर्गात स्पॅनिश शिकत होते. ‘आवडणं’ हे क्रियापद आलं आणि गाडी अडली. मी इंग्रजीतल्या ‘आय लाइक’च्या चालीनं ‘यो गुस्तो’ म्हणायचे, आणि दर वेळी चुकायचे.

एके दिवशी बाईंनी मला वही मिटायला लावली.

“इंग्रजी विसरा. चहा आवडतो हे मराठीत कसं सांगाल?”

“मला चहा आवडतो.”

“आणि आंबे?”

“मला आंबे आवडतात.”

“‘आवडतात’ असं का म्हणालात? तुम्ही तर एकट्याच आहात.”

“आंबे पुष्कळ आहेत म्हणून.”

“मग झालं की. मे गुस्ता एल ते. मे गुस्तान लोस मांगोस. क्रियापद वस्तूच्या मागं जातं, तुमच्या नाही.”

दोन आठवडे जे डोक्यात शिरत नव्हतं, ते मला जन्मापासून येत होतं. मी रिक्षातही हसत होते.

घर बीड बायपासच्या पलीकडं, नव्या वसाहतीत होतं. आई गेल्यावर आम्ही दोघंच उरलो होतो. बाबा कारकुनीतून निवृत्त झाले आणि त्यांनी हे घर बांधलं. शहर तिकडंच वाढतंय असं सगळे म्हणायचे. ते वाढलंही, पण पाण्याची लाइन काही आली नाही. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी बोअर आटलं. मग बाबा पहाटेपासून पाइप घेऊन फाटकाशी टँकरची वाट पाहत बसायचे. गुडघे दुखायचे, पण तक्रार नाही. मी पहिल्यापासून “छान मोकळं घर आहे” म्हणत होते, कारण त्यांनी ते हौसेनं बांधलं होतं.

तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी मी त्यांना सरावाला बसवलं. चिठ्ठीवर देवनागरीत लिहून दिलेले प्रश्न ते वाचत आणि मी उत्तरं देई. चहा झाला, आंबे झाले. मग त्यांनी चष्मा काढला.

“नाही आवडत, हे कसं म्हणायचं?”

“नो मे गुस्ता.”

“आणि हे घर?”

“एस्ता कासा.”

त्यांनी चिठ्ठी बाजूला ठेवली. मग हळूच, अडखळत म्हणाले, “नो मे गुस्ता एस्ता कासा.”

मला वाटलं, सरावच करतायत. पण ते माझ्याकडं पाहत नव्हते.

“खरंच, बाबा?”

“पहिल्या उन्हाळ्यापासून. तुला आवडतं म्हणून बोललो नाही.”

“मला कुठं आवडतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून म्हणत होते.”

बाबा इतके हसले की त्यांना खोकला लागला. मी पाणी आणलं. त्या दिवशी टँकर आला नव्हता, तरी मी पेला काठोकाठ भरला.

परीक्षेत मला नावडत्या गोष्टींबद्दल विचारलं. मी टँकरबद्दल बोलले आणि पास झाले. पुढच्या महिन्यात आम्ही घराला कुलूप लावून आत शहरात, औरंगपुऱ्यात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. नळाला पाणी आठवड्यातून एकदाच यायचं, पण यायचं. पहिल्या सकाळी बाबा आठपर्यंत झोपले. मी चहा करून ठेवला आणि त्यांना उठवलं नाही.