डावखुरीची हॉकी

माळा आवरताना जुनी हॉकी स्टिक सापडली. माझा डावा हात आपसूक तिच्या मुठीवर गेला.

माझ्या लहानपणी गिरणीचा संप चालू होता, म्हणून बाबा दिवसभर भांडुपला घरीच असायचे. एका दुपारी चाळीमागच्या तापलेल्या मातीत त्यांनी ही स्टिक मला दिली. चेंडू फक्त सपाट बाजूने मारायचा, आणि ती बाजू उजव्यांच्या सोयीची. मी डावखुरी, डाव्या हाताने जेवले की आई फटका द्यायची. इथेही तेच, म्हणून मी रडवेली झाले.

"डावखुऱ्यांची वेगळी नसते?"

"नसते. पण वर मुठीला डावाच हात लागतो ना! स्टिक तोच फिरवतो गं, उजवा नुसता आधाराला."

संध्याकाळी माझा डावा हात ताटात गेला. आईने फटका उगारला.

"अगं, मारू नको त्याला," बाबा म्हणाले. "उद्या खेळायचंय त्याला."