जाताना लिहून ठेवलेली चिठ्ठी

ऑफिस जेवढं लहान तेवढे किस्से जास्त, असं माझं मत आहे. मोठ्या कंपनीत माणूस लिफ्टमध्ये तरी लपतो. आमच्याकडे शेगावला स्टेशनजवळ एक खोली, तीन खुर्च्या, एक कूलर. लपणार कुठं बावा?

आम्ही लॉजवाल्यांसाठी बुकिंगचं सॉफ्टवेअर करतो. मी, सोनाळ्याहून रोज बसनं येणारी वैशाली आणि इरफान. इरफान पहिल्या दिवसापासूनचा, अकरा वर्षं. दोन वर्षांपूर्वी कोड लिहायला एआय असिस्टंट घेतला आणि त्याला इरफाननंच नाव दिलं, ‘मास्तर’.

मास्तरसोबतचा पहिला दिवस जोरात गेला. संध्याकाळी त्याची चॅटची खिडकी बंद केली अन् घरी. सकाळी मी टाइप केलं, “कालचं काम पुढं चालू कर.” मास्तरचं उत्तर, “कालचं कोणतं काम?” मी डोक्याला हात लावला!

इरफान मागून म्हणाला, “भाऊ, अकरा वर्षं तुम्ही मले सकाळी हेच सांगता. मी कधी म्हटलं काय, कालचं कोणतं?”

तेव्हापासून नियम झाला. बंद करण्याआधी मास्तरकडून चिठ्ठी लिहून घ्यायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी ती वाचून तो कामाला लागतो.

वैशालीची बस साडेपाचची. ती चिठ्ठी घ्यायची आणि शेवटी न चुकता टाइप करायची, ‘थँक्यू सर, येते.’ इरफाननं एकदा पाहिलं.

“काऊन वं, मले तं कधी येते म्हणत नाहीस!”

पोरगी अशी लाजली! दुसऱ्या दिवसापासून मास्तर आणि इरफान, दोघांनाही सांगून जायला लागली. मी मात्र सवयीनं नुसता कूलर बंद करून निघायचो.

आता जे सांगतो, ते सांगताना मलाच कसंतरी होतं.

एका संध्याकाळी मी मास्तरला म्हटलं, “आवरतं घेऊ. फालतू कोड असेल तो काढून टाक.” त्यानं एक ओळ दाखवली. दर गुरुवारी एका लॉजच्या दोन खोल्या बुकिंगला बंद ठेवणारी. ‘ही कशासाठी आहे ते कुठं लिहिलेलं नाही. काढू का? ज्यांनी लिहिली त्यांना विचारलेलं बरं.’

ज्यानं लिहिली तो इरफान माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसून चहा पीत होता. मी टाइप केलं, ‘काढ.’

गुरुवारी लॉज फुल्ल. जळगाव जामोदकडचे एक म्हातारे नवरा-बायको दर गुरुवारी महाराजांच्या दर्शनाला यायचे. मोबाइल नाही, बुकिंग नाही. अशा लोकांसाठी लॉजमालक दोन खोल्या राखून ठेवायचा आणि त्यानं ते फक्त इरफानला सांगितलेलं. दोघं दुपारभर पायऱ्यांवर बसून राहिले. शेवटी इरफाननंच त्यांना स्वतःच्या घरी नेऊन जेवू घातलं.

परत आला आणि हळूच म्हणाला, “भाऊ, मास्तरनं तुम्हाले विचारलं. तुम्ही मले काऊन नाही विचारलं?”

तिथं ‘चुकलो यार’ म्हणायचं होतं. मी काय म्हटलं? “अबे, लिहून ठेवत जा ना!”

त्यानंतर तो बोलायचा कमी झाला. एकदा मी मास्तरला ‘कृपया तपासून दे’ लिहीत होतो, तर म्हणाला, “मलेही एखांद दिवस कृपया म्हणा ना भाऊ.” वैशाली हसली. मी पण हसलो. तो हसत नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

महिन्याभरात म्हणाला, “मेहुण्याचं दुकान आहे जळगाव जामोदले. जाऊ म्हणतो.” मनातून वाटलं, हात धरून बसवावं याला. त्याच्याशिवाय ही खोली कसली? पण तोंडातून निघालं, “हाव, पाहा बा, तुला बरं वाटत असेल तर.” अजून जीभ चावावीशी वाटते.

शेवटच्या दिवशी त्यानं दुपारी बाराला वैशालीचा कॉम्प्युटर मागून घेतला आणि मास्तरला एकेक गोष्ट सांगत बसला. कोणत्या मालकाचा प्रिंटर अडतो, कोणाला फोनवर ओरडलेलं चालत नाही, कोणत्या लॉजचा जिना कोणाला चढवत नाही. मी माझ्या स्क्रीनमध्ये. मनात म्हटलं, चला, नीट लिहून ठेवतोय!

चार वाजता तो म्हणाला, “येतो भाऊ.” मी मान वर न करता हात हलवला.

आठ दिवसांनी एका लॉजचं काम अडलं, तेव्हा ती चिठ्ठी उघडली. सहा पानं. मास्तरनं सगळं व्यवस्थित लावलेलं, कामं, माणसं, सवयी. सगळ्यात खाली एक मथळा होता, ‘राहिलेलं’. त्याखाली इरफानचे शब्द जसेच्या तसे :

‘हे सगळं भाऊले तोंडानं सांगायचं होतं. विचारतील म्हणून चार वाजेपर्यंत थांबलो.’