भिंतीपलीकडचे नऊ वॅट

परतूरला स्टेशनकडच्या गल्लीत राहणाऱ्या पाशामियाँनी जन्मभर दुसऱ्यांच्या घरात उजेड केला. वायरिंग करता करता माणूस स्वप्नाळू होतो, की स्वप्नाळू माणूसच वायरिंगला लागतो, देव जाणे. दुपारी भिंतीला टेकून डोळे मिटले की त्यांना तारांतून वीज सरकताना ऐकू यायची, पाटातल्या पाण्यासारखी. रात्री गच्चीवर झोपायला जाताना ते घराचा मेन स्विच पाडत आणि पहाटे नमाजाला उठले की लावत. घरालाही झोप हवी, असं त्यांचं म्हणणं. बायको मदिना यावर हसायची. ती गेली, आणि घरात हसणारं कुणी उरलं नाही.

पुण्याच्या लेकीनं, सबानं, घरातली वीज मोजणारा मॉनिटर पाठवला. आकडे तिला तिकडं मोबाइलवर दिसणार. तो नीट बसला तर अब्बांनी खुशाल परतूरला राहावं, नाही तर मुकाट्यानं पुण्याला यावं. एकट्या माणसाला पहाटे काही झालं तर कळणार कुणाला, हा तिचा घोर.  पाशामियाँना हे घर सोडायचं नव्हतं.

त्यांनी मेनच्या तारेला यंत्राची कडी अडकवली आणि सगळी बटणं बंद केली. आता शून्य यायला हवं होतं. आकडा नऊ वॅटवर बसला तो बसलाच. शंभराचा बल्ब लावला तर एकशे नऊ. म्हणजे यंत्र खरं बोलत होतं. घरच कुठंतरी जागं होतं.

तारेवरून बोट फिरवत ते मागच्या भिंतीशी पोचले. तिथून एक तार शेजारच्या उषाबाईंकडं गेलेली. त्यांच्या लेकीच्या, दैवशालाच्या लग्नात मांडवासाठी पाशामियाँनीच ती ओढली होती. शेजारी उजेड राहू दे म्हणत मदिनानं ती काढू दिली नाही, आणि गावभराच्या तारा तपासणारा हा माणूस स्वतःच्या घरची विसरून गेला.

पक्कड घेऊन ते पलीकडं गेले. चुलीच्या वर भिंतीला एक बिनबटणाचा बल्ब जळत होता. तार तोडावी लागेल, नाही तर यंत्र नीट बसलंच नाही म्हणून सबा पुण्याला घेऊन जाईल, असं त्यांनी अवघडत सांगितलं.

उषाबाईंनी पिठाचे हात पुसले. "पाशाभाई, रातच्याला तुमी मेन पाडला की ह्यो बल्ब जातो. पहाटं लागला की मी म्हन्ते, उठले पाशाभाई. भाभी गेल्यापासून तो लागल्याबिगर मी चूल पेटवत न्हाई."

 पक्कड खिशात घालून पाशामियाँ परतले.

संध्याकाळी सबाचा फोन आला. सगळं बंद असताना नऊ वॅट कशाचे, तिनं विचारलं. लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी सगळं सांगून टाकलं आणि पुण्याचं बोलावणं ऐकायला मन घट्ट केलं.

 सबा म्हणाली, "उस तार को हात नक्को लगाव, अब्बा. और उषाखाला का नंबर देव."