खिळ्यावर टांगलेला थर्मोस्टॅट

गाडीचं बॉनेट उघडलं की आमचे मेकॅनिक आधी शर्टाची बाही वर सारायचे आणि उजवं कोपर रबरी नळीला टेकवायचे. बाळाच्या अंघोळीचं पाणी आपल्या घरच्या बायका कोपरानं बघतात ना, अगदी तसं. "हाताला घट्टं पडल्यात, भाऊसाहेब. हात खोटं बोलतो. कोपर न्हाई बोलत."

विंझरला रस्त्याकडेला त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. मी वेल्ह्याला तहसीलमध्ये कारकून. माझी जुनी गाडी आणि माझं तापट डोकं, दोन्हींशी त्यांची चांगली ओळख होती.

सहा वर्षांपूर्वी माझी नात पुण्याच्या दवाखान्यात सातव्या महिन्यातच जन्मली. महिनाभर काचेच्या पेटीत होती. जानेवारीत तिला घरी आणायचं ठरलं, त्या सकाळी डॉक्टरांचा फोन आला, "बाळाला गारठा लागता कामा नये. गाडी गरम ठेवा." मी हीटर लावला, तर नुसता गार वारा! आमच्याकडच्या जानेवारीत मोठ्या माणसाचे दात वाजतात, तिथं त्या एवढ्याशा जिवाचं काय? लग्नसराईत भाड्याची गाडीही मिळेना. बायको दुपटी घेऊन मागे बसली आणि आम्ही तडक विंझर गाठलं.

त्यांनी कोपर हीटरच्या एका नळीला लावलं, मग दुसरीला. डोळे मिटलेले. "दोन्ही सारख्याच कोमट. म्हंजी अडलंय कुठंच न्हाई. इंजिनचं पाणीच तापंना." ना पाना, ना मीटर. मी आपला तोंड वासून बघत राहिलो.

"पण तापत का नाही?" बायकोनं विचारलं.

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि भिंतीशी गेले. गाड्यांचे काढलेले भाग ते कधी फेकायचे नाहीत. तारेत ओवून, पुठ्ठ्याची चिठ्ठी लावून खिळ्यावर टांगायचे. त्यातला एक खाली उतरवला. माझ्याच गाडीचा थर्मोस्टॅट. इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारं, मुठीत मावेल एवढं झाकण.

मला एकदम आदला मे महिना आठवला. पाबे घाटात गाडी उकळली होती आणि मी इथंच येऊन थयथयाट केला होता, "काढून टाका ते!" ते म्हणाले होते, "नगा काढू, भाऊसाहेब. रेडिएटर साफ करतो. हे थंडीत लागंल." त्यावर मी शहाणा काय बोललो असेन? "वेल्ह्यात हीटर लावतो कोण?" आणि तो काढायलाच लावला.

शेजारच्या टपरीवर त्यांनी पातेलंभर पाणी उकळायला लावलं आणि तो भाग त्यात सोडला. "उघडला तर जित्ता हाय." आम्ही सगळे वाकून बघत होतो, चहावालासुद्धा. आणि ते झाकण हळूहळू उघडलं, झोपलेल्या बाळानं मूठ सोडावी तसं. बाहेर काढल्यावर पुन्हा मिटलं. अहो, पन्नाशी उलटलेला माणूस मी, अंगावर सरसरून काटा आला.

ते तो बसवत होते तेव्हा बायकोनं फणकाऱ्यानं विचारलं, "मुळात हे काढलं कुणी होतं?"

मी चपलांकडे बघायला लागलो.

"म्या काढलं, वैनी. चूक माझी," ते म्हणाले आणि पाना फिरवत राहिले.

नसरापूर येईस्तोवर गाडी उबदार झाली. परतताना विंझरला थांबलो. त्यांनी आत वाकून हीटरच्या जाळीसमोर कोपर धरलं. "व्हय. आली ऊब." बाळाला मात्र लांबूनच पाहिलं. हात ग्रीसचे होते.

त्यांच्यादेखत बायकोला खरं काय ते सांगायचं, असं मी कितीदा ठरवलं. उद्या, उद्या करत राहिलं.

मागच्या पावसाळ्यात ते अचानक गेले. गॅरेज आवरताना त्यांच्या मुलानं ती रिकामी तार मला आणून दिली. चिठ्ठी अजून तिला होती. माझ्या गाडीचा नंबर, आणि खाली वाकड्या अक्षरांत, 'ऐकायला नको होतं. चूक माझी.'

नात आता पहिलीत आहे, दिसेल ते वाचते. परवा तिनं चिठ्ठी हातात घेतली, एकेक अक्षर लावलं आणि विचारलं, "आजोबा, कुणाची चूक?"

बायको आत भाकरी थापत होती. तिला नीट ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "माझी."

भाकरी थापण्याचा आवाज थांबला.