जेठीबाईंचं लाटणं

नांदुऱ्याच्या स्टेशनामागच्या गल्लीत जेठीबाईंचं बिऱ्हाड आलं, तेव्हा सामान म्हणजे दोन पेट्या, झुलेलालची तसबीर आणि एक लाटणं. फाळणीच्या धावपळीत सिंधमधलं शिकारपूर सोडताना घर राहिलं, भांडी राहिली. लाटणं तेवढं कपड्यांच्या गाठोड्यातून आलं.

त्या लाटण्यानंच संसार उभा राहिला. जेठीबाई मिरी ठेचून घातलेले उडदाचे पापड लाटायच्या आणि त्यांचे यजमान टहलराम पत्र्याचा डबा खांद्याला लावून ते गाड्यांमधून विकायचे. पुढं टहलरामांना दमा जडला. गाडीत चढताना धाप लागायची. महाराष्ट्र राज्य झालं, त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात अकोल्याच्या एका किराणा दुकानदारानं निरोप धाडला, की आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत पोतंभर डाळीचे पापड द्या, गिऱ्हाइकाला आवडले तर बारमाही घेईन.

जेठीबाईंनी तसबिरीपुढं दिवा लावला. हे जमलं तर म्हाताऱ्याला गाडी धरावी लागणार नव्हती. पण एकटीच्या हातानं एवढं काम होणार कसं?

त्या शेजारच्या गोजरबाईंकडे गेल्या. "बहेन, पापड लाटायला ये. बाकीच्यांनाही घेऊन ये. मजुरी देते."

गोजरबाई गहू पाखडत होत्या. सूप थांबलं. "पापडाची मजुरी? वावरात निंदाले बोलाव, घेऊ मजुरी. आमच्यात पापडाले हात लावाले बोलावतात वं बाई, पैशे दाखवत नाई."

कुणी आलं नाही. भिजवलेलं पीठ वाळून गेलं. टहलराम खाटेवरून उठले आणि डबा शोधू लागले. "राहू दे. मीच जातो गाडीवर." बोलता बोलताच खोकल्यानं वाकले. जेठीबाईंनी डबा उचलून माळ्यावर टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या बाया आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन मंजुळाबाईंच्या अंगणात जाताना दिसल्या. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. जेठीबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. शिकारपूरच्या अंगणात तरी दुसरं काय होतं? फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीत येऊन रांगेत उभे राहिलो, पीठ मापून घेतलं, साखर मापून घेतली, आणि माणसालाही मापच लावायची सवय लागली.

त्यांनी लाटणं उचललं आणि बोलावणं नसताना मंजुळाबाईंच्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या.

"सरक वं गीता, बसू दे तिले," मंजुळाबाई म्हणाल्या.

जेठीबाईंचा पापड पोळपाटावर असा पसरला, की खालच्या लाकडाची रेघ दिसावी.

"हे पापड लाटते का मलमल इनते?" गोजरबाई म्हणाल्या.

"मलमलच आहे. तुझ्या लुगड्याला लावू?"

बाया हसल्या. जेठीबाई मग घरोघर लाटायला गेल्या. शेवटी गोजरबाईंकडचं लाटून झालं, तशा गोजरबाई हात पुसत म्हणाल्या, "आता आमाले मजुरी मागशीन काय?"

"मागते ना. उद्या तुझं लाटणं माझ्या घरी."

सकाळी अंगण भरलं. शिकारपूरच्या रीतीनं जेठीबाईंनी सगळ्यांना आधी भाजलेला पापड आणि पाणी दिलं. "काऊन वं, जेवाच्या आधीच पापड?" गीताबाईंनी विचारलं, आणि दुसरा मागून घेतला. माल आखाजीच्या आधी अकोल्याला पोचला.

तो खपला. दिवाळीपर्यंत मागणी वाढत गेली, तेव्हा गोजरबाईच म्हणाल्या, "जेठी, घरचे पापड होते तवा हात लावला. आता हे दुकानचे झाले. आता मजुरी दे, अन् बरोबर दे."

जेठीबाईंनी दिली. टहलराम ओट्यावर बसून पापड बांधू लागले आणि माळ्यावरचा डबा बाजरीच्या वाळवलेल्या खारोड्या ठेवायला मंजुळाबाईंकडे गेला.

उन्हातून पाहुणा आला, की आता गोजरबाईंच्या घरीही आधी भाजलेला पापड आणि पाणी येतं. पाहुणा नवलानं बघतो.

"खा बापू," त्या म्हणतात. "आमच्या गल्लीत असंच असते."