बाईंनी दिलेलं काम

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही सानपाड्याच्या नव्या सोसायटीत राहायला आलो, तेव्हा मी पाचवीत होते. वर्गाच्या खिडकीतून खाडी दिसायची. दुपारी तिच्यावरून असा काही उजेड यायचा, की फळ्यावरची अक्षरं विरघळल्यासारखी वाटत.

त्या वर्षी खाडीकाठच्या गावातली एक मुलगी आमच्या वर्गात आली. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "बाई, पानी प्यायला जाऊ?" तिची पहिली नक्कल मी केली. वर्ग हसला आणि मला फार बरं वाटलं. मग रोजचंच झालं. ती दारात दिसली की मागून कुणीतरी ओरडायचं, "पानी हाय का, पानी?" दिवाळीपर्यंत तिने बोलणंच सोडलं. तहान लागली तरी विचारेना.

बाईंनी मला मधल्या सुट्टीत बोलावलं. मला वाटलं, आता छडी. पण त्या म्हणाल्या, "उद्यापासून तिच्या शेजारी बस. रोज तिच्याकडून एक गोष्ट ऐकायची आणि मला येऊन सांगायची."

"ती बोलतच नाही, बाई."

"का बरं?"

दुसऱ्या दिवशी मी दप्तर उचलून तिच्या शेजारी जाऊन बसले.

चार दिवस गप्प गेले. पाचव्या दिवशी मी खिडकीबाहेर बोट दाखवलं. "ते लांब पांढरं काय आहे गं?"

"मीठ," ती म्हणाली. मग म्हणाली, "माझा बापूस तिथं काम करतो. मिठाच्या वाफ्यात पानी भरलं की सगलं आभाल खाली येतं. मी त्याच्यात पाय टाकून चालते."

त्या तासाला बाईंनी काय शिकवलं, मला आठवत नाही. मी अनवाणी, ढगांवरून, सावकाश चालत होते.

पुढच्या आठवड्यात मागच्या बाकावरून पुन्हा तीच हाक आली. मी उठले. मागे वळून म्हणाले, "हे मीच सुरू केलं होतं. आता बास." एक मुलगा हसला, पण एकटाच. चिडवणं लगेच थांबलं नाही; हळूहळू, पावसाळ्यातली ओल सुकावी तसं गेलं.

त्या दुपारी मी तिला सॉरी म्हटलं.

"मला म्हाईत होतं, पयली तूच होतीस."

"मग माझ्याशी बोललीस कशी?"

"तू इचारलंस म्हनून," ती म्हणाली, आणि डबा माझ्याकडे सरकवला. सातवीपर्यंत आम्ही एकाच बाकावर बसलो.